मोहियुद्दीनभाईंची थंड खोली

मोहियुद्दीनभाईंच्या घरी दुपारी जायचं म्हणजे दारातच बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. बाहेरचं दार उघडून ते मला हॉलमधून आतल्या खोलीच्या दाराशी नेत, तिथे थांबवत आणि म्हणत, "सिस्टर, काय ते एकदाच आत या. पर्स, चष्मा, सगळं आत्ताच बघून घ्या. मधेच 'विसरले' म्हणून भायेर जायचं नाय." मग माणूस तिरका होऊन जाईल एवढंच दार उघडायचं. मी आत सरकले की दार बंद, आणि दाराखालच्या फटीत ओल्या टॉवेलची गुंडाळी परत जागच्या जागी.

मी मिरजेची, जिभेने फटकळ. पहिल्याच वेळी म्हणाले, "भाई, घरात एसी आहे की बँकेची तिजोरी?" रईसाभाबी तोंडाला ओढणी लावून हसल्या. भाई हसले नाहीत. थंडी हा त्यांच्या लेखी चेष्टेचा विषय नव्हता.

आमची ओळख जिन्यात झाली होती. जेद्दातल्या शरफिया भागात मराठी बोलणारी पुष्कळ माणसं होती, पण आमच्या इमारतीत दोनच घरं. तिसऱ्या मजल्यावर मी आणि दुसऱ्यावर परकार. मोहियुद्दीन परकार दाभोळच्या खाडीकाठचे, बंदरावरच्या एका शिपिंग एजंटाकडे क्लार्क. मी एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. माझे यजमान यांबूला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येत. एकदा जिन्यात माझी पिशवी फाटली आणि कांदे गडगडत खाली गेले. मी त्या कांद्यांना चार शिव्या दिल्या, तेव्हा खालून आवाज आला, "आमच्याकडच्या दिसता!" त्या दिवसापासून मी भाईंची सिस्टर झाले आणि रईसाभाबींची शालनबाय.

परकारांकडे दोन एसी होते, एक हॉलमध्ये आणि एक आतल्या खोलीत. दोन्ही खिडकीत बसवलेले जुने खोके, गिरणीसारखे घरघरणारे. पण उन्हाळ्यात चालायचा एकच, आतला. मे महिना लागला की सगळं घर त्या एका खोलीत गोळा व्हायचं. जेवण तिथेच, अफशाँचा अभ्यास तिथेच, झोप तिथेच. खिडकीच्या काचांना आतून चकचकीत फॉइल लावलेलं, त्यावर जाड काळा पडदा. इस्त्री आणि स्वयंपाक सकाळीच उरकून घ्यायचा. दिवसा दिवा लावायचा नाही, दिव्याचीही गरमी होते. एसीच्या जोडीला पंखा हवाच, पण हळू. दर शुक्रवारी सकाळी भाई स्वतः एसीची जाळी काढून साबणाने धूत आणि सावलीत वाळवत. बाहेर डोकावणाऱ्या खोक्यावर उन्हासाठी त्यांनी पत्र्याचं छप्परही बांधून घेतलं होतं.

एसीचं बटण कुणी पूर्ण फिरवलं की त्यांचं डोकं फिरे. एकदा मी हॉस्पिटलातून घामाघूम होऊन आले आणि सरळ जाऊन बटण शेवटपर्यंत फिरवलं. भाई उठले, बटण परत मधल्या आकड्यावर आणलं आणि म्हणाले, "सिस्टर, पूर्ण फिरवलं म्हणून लवकर थंड होत नाही. मशीन फक्त थांबायचं विसरतं. मग एक दिवस जळतं." ते खरंच होतं. माझ्याकडचा एसी त्याच उन्हाळ्यात बिघडला होता आणि मी आठवडाभर ओल्या चादरीत झोपले होते.

त्यांच्या या वेडाला कारण होतं. भाई तरुणपणी आले ते बंदरावर हमालांचे मुकादम म्हणून. एका खोलीत दहा-बारा माणसं आणि एकच मशीन. कुणी तरी दार सताड उघडं टाकून दुकानात गेलं, मशीन दिवसभर रस्ता थंड करत बसलं आणि संध्याकाळी जळालं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, म्हणाला, नवीन पुढच्या महिन्यात. त्या महिन्यात त्यांच्या खोलीतला एक म्हातारा माणूस, राजापूरचा, तापाने गेला. डॉक्टरने ताप म्हटलं, भाई मात्र उन्हाळा म्हणत. जेद्दाचा उन्हाळा कोरडाही नसतो. समुद्रावरून दमट वाफ येते, घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं आणि घाम वाळतच नाही. आपल्या कोकणात मे महिन्यात जीव घाबरतो तसं तिथे सहा महिने.

घरात त्यांचा शब्द एकच होता, "दार!" अफशाँ दहा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये जायची. ती बाहेर जायला उठली की भाई झोपेतूनसुद्धा म्हणायचे, "दार!" ती इंग्रजीत पुटपुटे, "आय नो, अब्बा, आय नो." मग पाणी प्यायचं असो की बाथरूमला जायचं, ती सगळी कामं एकदम साठवून एकदाच बाहेर जाई. पोरीची मला दया यायची. मी तसं म्हणूनही दाखवलं, तर भाई म्हणाले, "शिस्त आहे सिस्टर. उपास नाही."

फोन हॉलमध्ये होता, तिथल्या एसीखालच्या छोट्या टेबलावर. दुपारी त्याचा उपयोग नव्हता, कारण दुपारी जेद्दात कुणी कुणाला फोन करत नसे. दुकानं बंद, कचेऱ्या बंद, जोहरच्या, दुपारच्या नमाजानंतर सगळं शहर पडदे ओढून झोपे आणि असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर डोळे चोळत उठे. भाईसुद्धा सकाळ-संध्याकाळ कामावर आणि दुपारी घरी. दुपारी फोन करणारा एक तर वेडा असेल, नाही तर परका.

फोनची खरी वाट पाहिली जायची ती गुरुवारी संध्याकाळी. त्यांचा थोरला, जाफर, तेविशीचा, वर्षभरापूर्वी कुवेतला लागला होता, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात. जेद्दात त्याचा व्हिसा करायला भाईंचा कफील तयार झाला नव्हता, म्हणून मुलाला मावसभावाच्या ओळखीने तिकडे धाडला. दर गुरुवारी संध्याकाळी तो फोन करी. भाई पहिलं विचारायचे, "खोलीत मशीन आहे ना? दार लावतोस ना?" आणि मग रिसीव्हर भाबींच्या हातात. बाकी मायेचं बोलणं त्यांना जमत नसे, त्यासाठी भाबी होत्या. मी तिथे असले तर 'शालनताई' म्हणून दोन शब्द माझ्याशीही.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तो दिवसही गुरुवारच होता.

सकाळी ड्यूटीवर एक फिलिपिनो नर्स म्हणाली तेव्हा मला ते खरंच वाटलं नाही. संध्याकाळी परत आले तर परकारांचं बाहेरचं दार उघडं. भाबी फोनपाशी जमिनीवर बसलेल्या, अफशाँ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, भाई रेडिओचा काटा फिरवत उभे. कुवेतला फोन लागतच नव्हता. भाबींनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "शालनबाय, आज गुरुवार गो."

पुढच्या दिवसांत शरफियात अफवांना ऊत आला. कुणी म्हणे जेद्दाही पडणार, कुणी म्हणे विषारी वायू सोडणार. लोकांनी तांदूळ, पाणी, बॅटऱ्या भरून ठेवल्या. रस्त्यावर कुवेतच्या नंबरांच्या गाड्या दिसू लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या. कुवेतचं सरकारच ताइफला येऊन बसलं होतं. भाई सुट्टी काढून ताइफला गेले. तिथे डोंगरावर हवा थंड, गुलाबाची शेतं आणि हॉटेलांच्या आवारात कुवेती माणसं. ते प्रत्येक हिंदी ड्रायव्हरला, स्वयंपाक्याला जाफरचा फोटो दाखवत फिरले. कुणीही जाफरला ओळखलं नाही. हिंदी माणसं वाळवंटाच्या रस्त्याने सौदीत फार आली नाहीत, बहुतेक बसऱ्यावरून बगदाद आणि तिथून जॉर्डनकडे निघालीत, एवढंच कळलं.

ताइफहून आल्यानंतरच्या आठवड्यात ती गोष्ट घडली. मी त्या दिवशी संध्याकाळी भाबींना धीर द्यायला म्हणून खाली गेले होते, म्हणून ती मी डोळ्यांनी पाहिली. भाई कामावर निघायला बूट घालत होते. भाबी चहा गाळत होत्या. अफशाँ वहीवर नकाशाला रंग देत होती आणि मान वर न करताच म्हणाली, "अब्बा, दोपहर को फोन बजा था. बहुत देर तक बजा."

भाईंचा एक पाय बुटात, एक बाहेर. "कधी?"

"जब सब सोए थे. मैं दरवाजे के पास थी ना, तो सुनाई दिया."

"मग उठलीस का नाही?"

ती गोंधळली. सगळे तिच्याकडे बघत होते. मग अगदी साध्या आवाजात, शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, "एसी चालू था, अब्बा. आपने मना किया है ना, दरवाजा नहीं खोलना."

भाबींच्या हातातलं गाळणं खाली पडलं. मला वाटलं, आता पोरीला मार बसणार, आणि मी मधे पडायला उठलेही. पण भाईंनी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. त्यांनी पायातला बूट काढला, दोन्ही बूट भिंतीशी जोडून नीट ठेवले आणि फोनजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी ते कामावर गेलेच नाहीत.

मी समजावलं. मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "भाई, कुवेतच्या लाइनी तोडल्यात. जाफरचा कसा असेल? कुणाचा तरी चुकून लागला असेल."

"लाइनी कुवेतच्या तोडल्या. बगदादच्या नाहीत. तो बगदादला पोचला असेल."

भाबी म्हणाल्या, "अहो, पण जाफरला म्हाईत आहे आपण दुपारी उचलत नाही. तो कशाला दुपारी करील?"

"म्हाईत असून केला," भाई म्हणाले, "म्हणजे त्याला तेवढीच वेळ मिळाली असेल. पोरगा कुठच्या तरी रांगेत उभा राहिला असेल, नंबर आला असेल, आणि हिकडे बाप थंडीत घोरत होता."

जेद्दातला माणूस दुपारी फोन करत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मलासुद्धा त्या वेळी तो फोन जाफरचाच वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून लांबलचक वायर आणली आणि फोन आतल्या खोलीत घेतला. मला बरं वाटलं, चला, मार्ग निघाला. पण वायरीच्या सांध्यात खरखर यायची. कॉन्सुलेटला फोन लावला तर पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा. तेवढ्यावरून भाईंनी वायर उपटली. लांबचा फोन असाच बारीक येतो, त्यात ही खरखर, पोराचा आवाज ऐकूच यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. फोन परत हॉलमधल्या टेबलावर गेला आणि त्याच्यामागोमाग भाईही.

दुपारी कामावरून आले की ते भाबींना आणि अफशाँला आत पाठवत. आतला एसी लावत, बटण मधल्या आकड्यावर आहे ना ते बघत, दार लावत आणि टॉवेल ओला करून त्याची गुंडाळी आता बाहेरून फटीला लावत. मग हॉलमध्ये खुर्चीवर बसत. हॉलच्या खिडक्यांना फॉइल नव्हतं, पश्चिमेचं ऊन थेट आत. डोक्यावर पंखा होता, तो गरम हवा खाली ढकलायचा. आणि त्यांच्या डोक्याच्या जरा वर, हात लांब केला की पोचेल असा, हॉलचा एसी बंद.

मी रागावले, हे काही आता नव्याने सांगायला नको. "हा एसी लावा. फोन तुमच्या मांडीला लागून आहे, आवाजाने ऐकू यायचं नाही असली सबब मला सांगू नका."

"दोन मशीनं चालवायची नाहीत. तारा जुन्या आहेत."

"मग आत जा आणि मी बसते इथे. मी उचलते फोन."

"तुमचा आवाज ऐकून तो ठेवून देईल."

सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर होतं. शेवटी मी म्हटलं, "भाई, खरं काय ते बोला." तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बीबीसी ऐकता ना? जॉर्डनच्या हद्दीवर माणसं उघड्यावर पडलीत. तंबू पुरत नाहीत. पाण्याचा ट्रक आला की मारामारी होते. माझा पोरगा त्यात असेल. त्याला ऊन नि मला थंडी, हे मला जमायचं नाही."

"तुम्ही उन्हात बसलात म्हणून त्याला सावली मिळते का?"

"नाही मिळत," ते म्हणाले. "पण बसवतही नाही आत."

त्यानंतर मी वाद घातला नाही. सांगायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. सांगून झालं होतं, भाबींनी सांगितलं, माझ्या यजमानांनी यांबूहून येऊन सांगितलं, मशिदीतल्या त्यांच्या मित्रांनी सांगितलं. ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि दुपारी खुर्चीवर जाऊन बसायचे. मला त्यांचा राग येई आणि त्यांच्या ताठ मानेकडे बघून रडूही येई. मी रोज ड्यूटीवर जाताना एक थर्मास बर्फाचं पाणी ठेवून जायचे. परत यायचे तेव्हा थर्मास बहुतेक भरलेलाच असे, नुसता कोमट झालेला.

अफशाँला त्या फोनवरून ते एका शब्दाने बोलले नाहीत. उलट जास्तच जपायचे, तिला आत पाठवताना डोक्यावरून हात फिरवायचे. पण "दार!" म्हणायचं त्यांनी सोडून दिलं होतं. पोरगी मात्र स्वतःच आणखी सांभाळून वागायला लागली. तहान लागली तरी असरपर्यंत बाहेर येत नसे. भाबींनी मला सांगितलं, दुपारी ती झोपतच नाही, दाराला कान लावून पडते.

सप्टेंबर लागला. हवाई जहाजं अम्मानहून हिंदी माणसांना मुंबईला नेत होती, रोज कुणी तरी सुटल्याची बातमी येई. दापोलीचा अमका पोचला, म्हसळ्याचा तमका पोचला. गावाकडून भाईंच्या भावाचा निरोप येई, जाफर अजून नाही. ज्यांची मुलं पोचली ते लोक भाईंना भेटायला येत, मिठाई आणत, आणि मग आपणच ओशाळून लवकर उठत. भाई त्यांची गळाभेट घ्यायचे. हसायचेसुद्धा.

ते बारीक झाले होते. गालाची हाडं वर आली होती. कामावर एकदा चक्कर आली म्हणून त्यांना घरी आणून सोडलं, तरी दुपारी खुर्ची चुकली नाही. मी रक्तदाब बघितला आणि सांगितलं की आता हे थांबलं नाही तर मी तुम्हाला ओढत हॉस्पिटलात नेईन. ते म्हणाले, "गुरुवारपर्यंत बघू." कुठला गुरुवार, ते त्यांनाच ठाऊक.

त्या दिवशी दमट वारा पार पडला होता. असरची बांग झाली आणि थोड्या वेळाने माझं दार कुणी तरी दोन्ही हातांनी बडवायला लागलं. भाबी अनवाणी वर आल्या होत्या. "शालनबाय, हे बोलत नाहीत."

भाई खुर्चीवरच होते, मान एका बाजूला कलंडलेली. मी हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. घाम थांबला म्हणजे काय, ते मला सांगायला डॉक्टर लागत नाही. हजच्या दिवसांत उन्हात पडलेले हाजी आमच्याकडे असेच यायचे. मी त्यांना ओढून आतल्या खोलीत घेतलं, दार सताड उघडं टाकलं, एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, चादरी भिजवून अंगावर टाकल्या, फ्रीजमधला सगळा बर्फ काखेत आणि मानेला लावला. अफशाँ बादलीने पाणी आणत होती. भाईंचे डोळे अर्धे उघडे होते, पण ते आम्हाला बघत नव्हते.

हॉस्पिटलात आमच्या लोकांनी जिवाचं रान केलं. दुसऱ्या दिवशी पहाटेनंतर ते गेले. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, बांधकामावर होते का हे? मी म्हटलं, नाही, घरात होते. त्यांना वाटलं, मला नीट इंग्रजी येत नाही.

जेद्दातच दफन झालं. तिकडे ते लगेच करतात. भाबी इद्दतला, नवरा गेल्यानंतरच्या चार महिन्यांच्या एकांताला, बसल्या, पांढरी ओढणी, भिंतीला टेकून. शरफियातल्या बायका येत होत्या, कुराण वाचत होत्या, स्वयंपाक आणून देत होत्या. मी रजा घेतली आणि त्यांच्याकडेच राहिले. हॉलमधला एसी आता चालू होता. तो कुणी लावला ते मला आठवत नाही, मीच लावला असेन.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, बायका घरी गेल्या होत्या, भर दुपारी फोन वाजला.

घरातलं कुणीच हललं नाही. भाबींनी माझ्याकडे बघितलं. अफशाँ आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती, तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती. मी उचलला. खूप लांबून, बारीक, थकलेला आवाज, "हॅलो? अब्बा? अब्बांना द्या."

मी इतकी वर्षं नर्स आहे. माणूस गेल्याचं किती लोकांना सांगितलं असेल. त्या पोराला मात्र मी सांगितलं नाही. मी विचारलं, "जाफर, तू कुठून बोलतोस?"

"मुंबईहून. डोंगरीतल्या बूथवरून, अजून घरच्या कुणाला भेटलो नाही. काल उतरलो. तुम्ही शालनताई ना? मी ठीक आहे. पाय भाजलेत थोडे, बाकी ठीक आहे. अब्बांना सांगा, आता काळजी करू नका."

जे विचारायला नको तेच मी विचारलं. "जाफर, ऑगस्टमध्ये तू बगदादहून फोन केला होतास ना? दुपारी?"

"कुठचा फोन, ताई? बगदादला आम्हाला ट्रकमधून उतरूच दिलं नाही. छावणीत फोन नव्हता, अम्मानला रांग लागलेली नि खिशात कुवेती दिनार होते, ते कुणी घेत नव्हतं. हा पहिलाच करतोय. दुपारी मी कशाला करीन? अब्बा झोपलेले असणार, तुम्हाला म्हाईत नाही का त्यांचं?" आणि तो हसला. एवढ्या सगळ्यातून पार होऊन आलेला तो पोरगा बापाच्या आठवणीने हसला.

मी रिसीव्हर भाबींच्या हातात दिला. त्या पहिल्या शब्दालाच कोसळल्या, "बाळा, तुझे अब्बा..." आणि पलीकडचं हसणं थांबलं. मग बराच वेळ त्या घरात दोन माणसांचं रडणं होतं, एक हॉलमधलं आणि एक तारेतून येणारं.

मी अफशाँला घेऊन आत गेले. ती उंबऱ्यातून हललीच नव्हती, तिला धरूनच आणावं लागलं. मला एकच घाई झाली होती. दीड महिना ती पोर जे ओझं वाहत होती ते आत्ताच्या आत्ता तिच्या पाठीवरून काढायचं. मी तिला पलंगावर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "अफशाँ, ऐक. तो फोन भाईजानचा नव्हता. त्यानेच सांगितलं आत्ता. तो कुणाचा तरी चुकून आलेला फोन होता. तू उठली असतीस तरी काही फरक पडला नसता. तुझं काही चुकलं नाही बाळ."

मला वाटलं होतं ती रडेल, गळ्यात पडेल. ती रडली नाही. तिने मान वळवून उघड्या दारातून हॉलमधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, "तो फिर आंटी, अब्बा वहाँ किसके लिए बैठे थे?"